बोट थांबलं ती जागा

इंगोलश्टाट
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय निहार,

फेब्रुवारीत तू एक मेसेज पाठवलास. एकच ओळ होती. त्या शुक्रवारी त्सुकामोतोसान नक्की काय म्हणाले होते, तेवढं सांग, बाकी काही नको. मी तो वाचला हे तुला दिसलं असणार. त्यानंतर सात महिने माझ्याकडून काहीच नाही. म्हणजे मी टाइप करायचे आणि पुसायचे. म्हणून आज कागद घेतलाय. कागदावर खोडलं तरी खोडलेलं दिसतं. शाळेत मराठी माझी तिसरी भाषा होती, त्यामुळे अक्षर सहावीतल्या मुलीचं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाची काही गॅरंटी नाही. एरवी अशा वेळी आईला फोन करून विचारते. हे पत्र आईला विचारून लिहिण्यासारखं नाहीये.

माझी हिरवी वही आठवते ना? कॅन्टीनमध्ये तू तिला 'ते-हे कोश' म्हणायचास. पुण्यात शुभदाताईंच्या जपानी क्लासला असताना सुरू केली होती. बाकीची बॅच कांजीची चिन्हं पाठ करायची आणि मला वेड लागलं होतं ते नाव न घेता बोलायच्या शब्दांचं. आपलं अमकंतमकं, तसं त्यांचं नांतोका. कागदावर नाव लिहायचं नसेल तर दोन गोल काढतात आणि वाचताना चक्क 'मारुमारु' वाचतात, गोल-गोल. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहितीये, पण नाव तोंडावर येत नाहीये किंवा आणायचं नाहीये, अशी गोष्ट म्हणजे आरे. वहीच्या उलट्या बाजूने आश्चर्याचे आवाज. नवीन काही कळलं की हेएए, जेवढं नवल तेवढं लांब. पटतच नसेल तर उसो, म्हणजे शब्दशः खोटं. बायकांचं आरा आणि मा, आपल्या अय्या-अगंबाईच्या मावसबहिणी. आणि एखादी गोष्ट असायला हवी तशी नाहीये हे एकदम लक्षात आलं की पुन्हा आरे, पण वर जाणाऱ्या सुरात. आपल्या अरेच्चासारखं, फक्त खूप हळू. शुभदाताई म्हणायच्या, सुरुची, या शब्दांना परीक्षेत मार्क नाहीत, पण जपानी माणूस गोष्टींची नावं घ्यायचा थांबला की समजायचं, आता महत्त्वाचं बोलतोय. तेव्हा पेन खाली ठेवायचं आणि त्याच्याकडे बघायचं. हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.

तुला त्यात काही विशेष वाटायचं नाही. तू म्हणायचास, आमच्या नाशिकला ये, आमची आई दिवसभर जपानीच बोलते. 'त्या ह्याच्यातलं ते हे दे रे' म्हणाली की तू दुसऱ्या फडताळातून बरोबर त्याच डब्याचं झाकण काढून द्यायचास. प्रभाकाकूंना मी कधी भेटले नाही, पण त्यांची दोन वाक्यं माझ्या वहीत आहेत, तू सांगितलेली. तू हसवायचास तेव्हा मी लिहायचे, आणि मी लिहायला लागले की तू जास्त हसवायचास. मला ते कळत होतं. तुलाही कळत असावं.

मग त्सुकामोतोसान आले. मोटर त्यांच्या कंपनीची, टेस्ट बेंच आपली, आणि मधे मी. मी काही शिकलेली दुभाषी नव्हते, खरेदी विभागातली बाई, जपानी येतं म्हणून ओढून नेलेली. ते बासष्ट वर्षांचे, निवृत्तीनंतर परत बोलावलेले, खिशात कायम आल्याच्या गोळ्या. इंग्लिश जवळजवळ शून्य. रोज काम सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर ते बेंचभोवती फिरायचे आणि चौदा जागांवर हात लांब करून बोट दाखवून मोठ्याने 'योशी' म्हणायचे. योशी म्हणजे ठीक. तिकडे कारखान्यांत, रेल्वेत सगळे करतात, डोळ्यांनी बघितलेलं बोटाने आणि तोंडाने पक्कं करायचं. पहिल्या आठवड्यात आपली पोरं मागे उभी राहून नक्कल करायची. तिसऱ्या आठवड्यात तूही बेंच बंद करताना बोट दाखवायला लागलास, फक्त म्हणायचास 'हां, ठीक'. ते तुझ्याकडे बघून हेएए म्हणाले होते. मी मोजलं होतं, जवळजवळ तीन सेकंदांचं.

आणि ब्रांडलसाहेब, आपले जर्मन बॉस. त्यांच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही, कारण चूक त्यांची नव्हती, पण हे सांगायला हवं. माझ्या पहिल्या प्रोटोकोलमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, मी प्रामाणिकपणे सगळं लिहिलं होतं. 'त्सुकामोतोसान यांच्या मते तिथे काहीतरी, जरासं, ते, तसं आहे.' ब्रांडलसाहेबांनी ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. आल्झो, म्हणाले, फ्राउ देवस्थळी, ही कविता आहे का? आमच्याकडे वस्तूंना नावं असतात. नाव नसेल तर ती गोष्ट नाही. सगळे हसले, तूही थोडासा. त्या दिवसापासून मी साफसूफ करायला लागले. ए, आनो, नांका, चोत्तो, आरे, सगळं काढून टाकायचं आणि उरेल ते स्वच्छ इंग्लिशमध्ये द्यायचं. महिन्याभरात ब्रांडलसाहेब म्हणाले, गेनाऊ, बरोब्बर, हे असं पाहिजे. मला फार अभिमान वाटला होता. आणि काढून टाकलेलं सगळं मी घरी आणून वहीत चिकटवायचे. म्हणजे मीटिंगमधून मी ते फेकत होते आणि छंद म्हणून गोळा करत होते.

इकडची बातमी म्हणशील तर मी अजून त्याच घरात आहे. बेंचवर आता दुसरी मोटर फिरते. कॉफी मशीनशेजारच्या त्यांच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. कुणी तसं ठरवलेलं नाही, पण नवीन आलेला मुलगासुद्धा बसत नाही, त्याला तर काहीच माहीत नाही. मला एक सवय लागलीये. घरातून निघताना मी शेगडीकडे बोट दाखवते आणि योशी म्हणते. खिडकीकडे, योशी. नळ, योशी. मग दाराच्या कुलुपाकडे बोट जातं आणि तोंडातून शब्द येत नाही. मी तशीच हात लांब करून जिन्यात उभी राहते. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी एकदा विचारलं, काही हरवलंय का. मी 'हो, हो' म्हणून खाली पळाले. गेल्या महिन्यात बेकरीत माझ्यामागे कोणीतरी जपानी टुरिस्ट सुट्टे मोजत होता आणि हळूच म्हणाला, आरे? मी ब्रेड न घेता बाहेर आले. वाक्य संपायची वाट बघायची ताकद नव्हती.

तो शुक्रवार. साडेतीन वाजले होते. चार बत्तीसच्या ट्रेनने आपण म्युनिकला जाणार होतो, रामेन खायला. आपण दोघंच, पहिल्यांदा. तू सकाळपासून दोनदा म्हणाला होतास की ट्रेन चुकवायची नाही, आणि मी इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते, ऑफिसला. ब्रांडलसाहेब जाकीट घालून दारात उभे होते. त्सुकामोतोसानांनी फेरी सुरू केली. एक, योशी. दोन, योशी. आठपर्यंत नेहमीसारखं. नववी जागा म्हणजे शाफ्टवरच्या कव्हरचा ब्रॅकेट. तिथे बोट लांब केलं आणि थांबले. योशी आलं नाही. वाकले, तळहात ठेवला ब्रॅकेटवर, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. आणि म्हणाले, आरे? मग सरळ झाले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, नांका, कोको, चोत्तो, आरे देसु ने. एवढंच. काहीतरी, इथे, जरासं, ते आहे, नाही का.

तू मला विचारलंस, काय म्हणतायत? तुला बरोबर आठवतंय, निहार. तू विचारलं होतंस. टॅब्लेट हातात धरून, फ्राइगाबेच्या, म्हणजे बेंच चालवायच्या मंजुरीच्या, पानावर सही करायच्या आधी तू थांबला होतास आणि माझ्याकडे बघितलं होतंस. आणि मी म्हणाले, नथिंग, ही इज जस्ट थिंकिंग अलाउड, दे टॉक लाइक दॅट. तू मान डोलावलीस आणि सही केलीस. तुझ्या सहीच्या वर माझ्या प्रोटोकोलची ओळ आहे, काइने आइनवेंडे, म्हणजे हरकत नाही. ती मी लिहिली. त्यांनी राहिलेल्या पाच जागा केल्या आणि आपल्या दोघांना वाकून नमस्कार केला.

सोमवारी काय झालं ते तू माझ्याहून जवळून पाहिलंस, ते मी लिहित नाही. ब्रॅकेट तुटून कव्हर उडालं तेव्हा त्सुकामोतोसान बाजूच्या पॅनलपाशी उभे होते, नवव्या जागेच्या अगदी समोर, एवढंच. वेल्डिंगला केसाएवढी चीर होती असं तज्ज्ञांनी नंतर लिहिलं. तूच एकदा मला समजावलं होतंस, लाल रंग मारायचा, पुसायचा, पांढरी पावडर फवारायची, चीर असेल तर लाल रेघ उमटते. वीस मिनिटांचं काम. पुढची ट्रेन तासाने होती.

नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी आपल्याला वेगवेगळं बोलावलं. तू सांगितलंस की ते काहीतरी म्हणाले होते, मी विचारलं होतं आणि दुभाषी म्हणाली, काही नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, आठवत नाही. जर्मनमध्ये म्हणाले, छान व्याकरणासकट. घाबरले होते, व्हिसा, नोकरी, आई, सगळं डोळ्यांसमोर आलं, पण हे कारण म्हणून सांगत नाहीये. बाहेर कॉरिडॉरमध्ये तू बसला होतास. माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि तुला कळलं असावं. कारण आठवड्याने तू परत जाऊन सांगितलंस की कदाचित माझीच आठवण चुकत असेल. तू हे माझ्यासाठी केलंस की तुला खरंच तसं वाटायला लागलं होतं, हे मला आजही माहीत नाही. तुझा मेसेज वाचून वाटतं, आता तुला खरंच तसं वाटतं. एका चांगल्या इंजिनिअरला मी त्याच्या स्वतःच्या कानांवर संशय घ्यायला लावला. सही तुझी, हलगर्जीपणाचा ठपका तुझ्यावर, कॉन्ट्रॅक्ट तुझं संपलं. जानेवारीत तू भारतात परत गेलास तेव्हा मी स्टेशनवर आले नाही. आजारी आहे म्हणाले होते. नव्हते.

त्यांच्या पत्नी त्यांच्या वस्तू न्यायला आल्या तेव्हा भाषांतराला मीच होते, दुसरं कोण असणार. त्यांच्यासमोर टेबलावर खोका ठेवला. चष्मा, गोळ्यांचं पाकीट, कामाचे बूट. बूट बघून त्या फक्त 'मा' म्हणाल्या. माझ्या वहीत मा चे अकरा प्रकार आहेत. हा त्यात नव्हता. मग त्या माझ्याशीच बोलायला लागल्या. म्हणाल्या, घरात हे कधी कशाचं नावच घ्यायचे नाहीत. ते आण, त्याला फोन कर, ते झालं का. चाळीस वर्षं. आणि मला कळायचं हो. एचआरच्या बाईंनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी पुन्हा तेच म्हणाले, निहार. काही विशेष नाही, घरच्या आठवणी. निघताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, इथे तुम्ही त्यांचं तोंड होतात.

आता जे कोणालाच माहीत नाही ते. त्या शुक्रवारचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पुरावा म्हणून केलेलं नाही, छंद म्हणून. मी त्यांचे आवाज गोळा करत होते, फोन जाकिटाच्या खिशात चालू असायचा, कितीतरी आठवडे. त्यांना विचारलं नव्हतं, तुलाही नाही. इथे न सांगता कोणाचं बोलणं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, हे मला नंतर कळलं. सगळं आहे त्यात. आठ योशी, आरे, तुझा प्रश्न, माझं उत्तर. आणि याहून वाईट म्हणजे वही. म्युनिकच्या ट्रेनमध्ये तू खिडकीला डोकं टेकून झोपला होतास. मी इअरफोन लावून तो तुकडा चारदा ऐकला आणि लिहिलं, 'आरे, वर जाणारा सूर, पाऊण सेकंद. अर्थ: असायला हवं तसं नाहीये. फार सुंदर नमुना.' खाली तारीख. म्हणजे मला कळलं नव्हतं असं मी कुठल्याच भाषेत म्हणू शकत नाही. मला कळलं होतं, आणि मला ते सुंदर वाटलं होतं.

तरीही मी गप्पच राहिले असते कदाचित. स्वतःला सांगायचे, त्यांनाही तेवढं महत्त्वाचं वाटलं नसणार, नाहीतर नीट बोलले असते, नाहीतर सोमवारी तिथे उभे राहिले नसते. या एका वाक्यावर मी दहा महिने काढले. मग ऑगस्टच्या शेवटी माझ्या नावाने त्यांच्या पत्नींचं पार्सल आलं. गेल्यानंतरचं पहिलं ओबोन झालं, आपला पितृपक्ष असतो तसं काहीसं, म्हणून मिठाई आणि दोन पानं. त्यांनी लिहिलं होतं की शनिवारी, म्हणजे मधल्या शनिवारी, ते फोनवर म्हणाले होते, मशीनमधलं ते जरा खटकत होतं, पण दुभाषी मुलीला सांगितलंय, तिने लगेच त्या तरुणाला समजावलं आणि त्याने मान हलवली, आता ते बघून घेतील. काळजी करू नको. हे त्यांनी माझं कौतुक म्हणून लिहिलंय. मी त्यांच्यासमोर इंग्लिशमध्ये दोन वाक्यं बोलले होते ना, ती त्यांना त्यांचं भाषांतर वाटली. तुझी मान डोलली, तो त्यांना होकार वाटला. म्हणून ते सोमवारी त्या जागेसमोर निवांत उभे होते. त्यांच्या हिशेबाने ती जागा आता बघून झाली होती.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: हो. ते म्हणाले होते. तू विचारलं होतंस. मी गाळलं.

आणि हे पत्र आज का, ते शेवटी सांगते. उद्या सकाळी साडेनऊला मला पोलिसांकडे नवीन जबाब द्यायचाय. फाइल या महिन्याअखेर बंद होणार आहे, सगळं तुझ्या नावावर टाकून, म्हणून मीच वेळ मागून घेतली. माझ्या वकीलबाई म्हणतात, स्वतःविरुद्ध काही बोलायची सक्ती तुमच्यावर नाही, रेकॉर्डिंगचा उल्लेख टाळा, आठवत नाही हे उत्तर अजूनही चालेल. आज मला खात्री आहे की मी सगळं सांगणार. पण नोव्हेंबरमध्येही जिना चढताना मला खात्रीच होती. म्हणून हे मी तुझ्याकडे देऊन ठेवतेय, आधीच. सोबत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स आहे, त्यांच्या पत्नींच्या पत्राची आहे, आणि एका छोट्या कार्डवर रेकॉर्डिंग आहे. स्टेशनाजवळच्या पिवळ्या पेटीतलं टपाल रविवारीही उचलतात, आत्ता जाऊन टाकते, म्हणजे उद्या मला ते परत घेता येणार नाही. खाली पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव लिहून सही केलीये. हे पोचेल तोपर्यंत दोन आठवडे गेले असतील आणि तुला पोलिसांकडून कळवलेलं असेल किंवा नसेल. कळवलेलं नसेल, तर समज की मी पुन्हा घाबरले. मग माझा विचार करू नकोस, मला फोन करून विचारूसुद्धा नकोस. वकील कर, आणि हे पत्र त्यांच्यापुढे ठेव.

तुझीच,
सुरुची

(सुरुची चारुदत्त देवस्थळी)